डिझेल ट्रकच्या शर्यती सरकारने संपवल्या? त्या व्हायरल पोस्टला मुद्देसूद उत्तर

‘अमेरिकेत सरकारने डिझेल ट्रकची ड्रॅग रेसिंग (सरळ, छोट्या पट्टीवरची वेगाची शर्यत) संपवली’ अशी एक पोस्ट पुन्हा जोरात फिरते आहे. आपल्याकडच्या गाडीवेड्या ग्रुपांमध्येही ती आली आणि बीएस-६ गाड्यांचा डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, काढून देणाऱ्यांनी ती लगेच उचलून धरली. पोस्टचं म्हणणं थोडक्यात असं: धूर नाही तर डिझेलला ताकद नाही. गाडी शर्यतीची असेल तर एक्झॉस्टचा कायदा लागूच होत नाही. तरीही ईपीए, म्हणजे तिथली पर्यावरण यंत्रणा, २०१६ पासून शर्यतींवर बंदी आणायला बघते आहे. मार खातात ते छोटे गॅरेजवाले, बड्या कंपन्या मोकळ्या सुटतात. आणि जो इमानदारीत फिल्टर ठेवतो, तो ट्रॅकवर हरतो.

मला या खेळाचं मनापासून वेड आहे. अडीच-तीन टनांचा पिकअप ६६० फुटांची पट्टी सहा सेकंदांच्या आत मारतो, हे बघताना आजही अंगावर काटा येतो. म्हणूनच ही पोस्ट इतकी खटकते. तिच्यात एक खरी तक्रार आहे आणि ती इतर चार चुकीच्या गोष्टींखाली गाडली गेली आहे.

आधी धुराचं बघू. इंधन भरपूर आणि हवा अपुरी असली की काजळी तयार होते; काळा धूर म्हणजे हीच काजळी. स्टार्ट लाइनवर नीट लक्ष द्या. ड्रायव्हर ब्रेक दाबून धरतो आणि थ्रॉटल देतो. इंजिनात जादा हवा कोंबणाऱ्या टर्बोने अजून वेग पकडलेला नसतो, म्हणून पाइपातून काळाकुट्ट लोट उसळतो. मग टर्बोची शिट्टी चढत जाते, बूस्टचा, म्हणजे त्या हवेच्या दाबाचा, काटा वर सरकतो, हवा पुरेशी मिळू लागते आणि तोच लोट विरळ होतो. ट्रक सुटतो तो त्यानंतर. वरच्या क्लासमधले लोक एका टर्बोची हवा दुसऱ्या टर्बोत सोडतात, वरून नायट्रस देतात, ते सगळं ऑक्सिजन वाढवण्यासाठी. धूर ओकत पट्टी पार करणाऱ्या ट्रकचं ट्यूनिंग कच्चं आहे, हे पिटमधला कुठलाही जाणता मेकॅनिक सांगेल.

एक गोष्ट मात्र मान्य केली पाहिजे. २००७ पासूनच्या अमेरिकी डिझेल पिकअपमध्ये डीपीएफ येतो. तो म्हणजे सिरॅमिकच्या बारीक नळ्यांचा ठोकळा. एक नळी पुढून बुजवलेली, तर तिच्या शेजारची मागून. त्यामुळे धुराला भिंतीतून झिरपूनच बाहेर पडावं लागतं आणि काजळी आत अडकते. ती साठली की एक्झॉस्टचं तापमान ६०० अंशांच्या आसपास नेऊन जाळली जाते. हजार-दीड हजार हॉर्सपॉवरच्या इंजिनाच्या वाटेत हा ठोकळा ठेवून शर्यत होणार नाही, हे उघड आहे. पण तसा ट्रक ट्रेलरवरून येतो आणि ट्रेलरवरूनच परत जातो. त्याच्यावर भाजी आणायला किंवा मुलांना शाळेत सोडायला कोणी जात नाही. इथून पुढचं सगळं भांडण याच फरकाचं आहे.

‘फक्त रेसिंगसाठी’ असं लिहिलं की कायदा लागू नाही, हा दुसरा दावा. अमेरिकेच्या क्लीन एअर अ‍ॅक्टमध्ये गाडीची ओळख ठरते ती मुळात कशासाठी बनवली यावरून. नळ्यांच्या सांगाड्यावर शर्यतीसाठीच बांधलेला ड्रॅगस्टर रस्त्यासाठी बनलेलाच नसतो, त्याला हा कायदा शिवत नाही. पण रस्त्यावर चालवण्यासाठी प्रमाणित होऊन शोरूममधून निघालेल्या पिकअपचा फिल्टर काढणं म्हणजे प्रदूषण-नियंत्रण यंत्रणेशी बेकायदा छेडछाड. १९९० च्या दुरुस्तीनंतर तर ही यंत्रणा निकामी करणारे सुटे भाग बनवणं, विकणं आणि बसवणंही गुन्ह्यात आलं. दंड प्रत्येक भागामागे साडेचार हजार डॉलरच्या वर जाऊ शकतो. अ‍ॅरिझोनातल्या एका विक्रेत्याने कोर्टात हाच रेसिंगचा बचाव मांडला होता. २०२१ मध्ये फेडरल कोर्टाने अंतरिम आदेश काढून त्याची विक्री थांबवली. खोक्यावरच्या स्टिकरने त्याला काही वाचवलं नाही.

आणि हे भाग जातात कुठे? ईपीएने नोव्हेंबर २०२० मध्ये आपल्या तपासांमधली माहिती एकत्र करून अहवाल काढला. साधारण दहा वर्षांत साडेपाच लाखांहून जास्त डिझेल पिकअपची प्रदूषण-नियंत्रण यंत्रणा काढून टाकली गेली होती. त्या वर्गातल्या ट्रकांपैकी हे सुमारे १५ टक्के. त्यांच्या आयुष्यभरात मिळून ५ लाख ७० हजार टन जादा नायट्रोजन ऑक्साइड हवेत जाणार, असा हिशेब त्यात आहे. हे साडेपाच लाख पिकअप फक्त ड्रॅग स्ट्रिपवर रेस करायला ठेवले आहेत, हे कोणालाच पटणार नाही. हे ट्रक हायवेवर आहेत, गल्लीत आहेत, शाळेच्या फाटकाशी उभे आहेत. डिझेलच्या धुराने कॅन्सर होतो हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्येच जाहीर केलं आहे. २०२१ मध्ये टेक्सासमधल्या वॉलरजवळ सायकलस्वारांवर धूर सोडता सोडता एका पोराने पिकअप सहा जणांवर घातला. त्या घटनेचा रेसिंगशी काडीचा संबंध नव्हता, पण बदनामी झाली ती डिझेलवाल्या सगळ्यांची.

आपल्याकडच्यांसाठी एवढंच सांगतो: मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीच्या मूळ रचनेत असा बदल करू देत नाही. अमेरिकेतल्या शर्यतीचं नाव सांगून पुण्यातल्या एसयूव्हीचा डीपीएफ काढणाऱ्याला तर रेसिंगचा आडोसासुद्धा नाही.

आता २०१६ ची ‘बंदी’. पोस्टमधली खरी तक्रार इथे आहे. जुलै २०१५ मध्ये जड वाहनांच्या नियमांचा एक लांबलचक मसुदा आला. त्यात एक वाक्य असं होतं की प्रमाणित गाडी केवळ शर्यतीसाठी वापरली तरी तिची प्रदूषण-नियंत्रण यंत्रणा मूळ स्थितीतच राहिली पाहिजे. रेसिंगवाल्यांनी योग्यच आवाज उठवला आणि एप्रिल २०१६ मध्ये ईपीएने ते वाक्य मागे घेतलं. म्हणजे बंदी आली नाही. पण संरक्षणही आलं नाही. शर्यतीच्या गाड्यांना स्पष्ट सूट देणारं आरपीएम विधेयक त्याच वर्षी मांडलं गेलं, नंतर पुन्हा पुन्हा मांडलं गेलं, आणि अडकून पडलं. ईपीए सांगते की गाडी फक्त स्पर्धेत वापरली जाते आणि रस्त्यावर येत नाही हे मालक दाखवू शकत असेल, तर आम्ही त्याच्या मागे लागत नाही. हे धोरण चांगलंच आहे, पण अधिकाऱ्यांच्या मर्जीवर चालणारी सवलत म्हणजे हक्क नव्हे. घर-संसार सांभाळून एखाद्याने पाच-सात वर्षं खपून ट्रक उभा केला असेल, तर त्याला त्याचा हक्क कायद्यात लिहिलेला मिळायला हवा. यासाठी रेसिंगवाले भांडतात त्यात मी त्यांच्या बाजूला आहे. फक्त ते विधेयक रस्त्यावरच्या डिलीट किटवाल्यांना, म्हणजे फिल्टर काढून टाकायचे भाग विकणाऱ्यांना, पळवाट देणारं नसावं.

बडे सुटतात, हा चौथा दावा, आणि यात तर आपल्या पुण्याचा धागा आहे. डिझेल ड्रॅग रेसिंगमध्ये ज्या इंजिनाचं नाव सगळ्यात आदराने घेतात ते कमिन्स. १९८९ च्या डॉज पिकअपमध्ये त्यांचं ५.९ लिटरचं इंजिन आलं आणि या खेळाला त्याचं काळीज मिळालं. त्याच कमिन्सच्या कोथरूडच्या कारखान्यावर पुण्यातली कितीतरी घरं उभी राहिली आणि इंडियानातल्या कोलंबसला, कंपनीच्या मुख्यालयाच्या गावी, आजही मराठी कानावर पडते. डिसेंबर २०२३ मध्ये या कंपनीने १६७ कोटी ५० लाख डॉलरचा दंड भरायचं मान्य केलं. क्लीन एअर अ‍ॅक्टखालचा तो तोवरचा सगळ्यात मोठा दिवाणी दंड. सरकारचा आरोप असा की २०१३ ते २०१९ च्या कमिन्स इंजिनाच्या ६ लाख ३० हजार रॅम पिकअपमध्ये उत्सर्जन-नियंत्रण निकामी करणारं सॉफ्टवेअर होतं आणि पुढच्या ३ लाख ३० हजार गाड्यांमध्ये न कळवलेली यंत्रणा. कंपनीने दोष कबूल केला नाही, पण पैसे मोजले आणि गाड्या परत बोलावल्या. फोक्सवॅगनने डिझेल गाड्यांच्या प्रदूषण चाचणीत सॉफ्टवेअरने केलेली फसवणूक तर सगळ्या जगाला माहीत आहे.

छोट्याला दंड जास्त जाचतो, हे खरंच आहे. कंपनी दंड पचवते, गॅरेजला मात्र कुलूप लागू शकतं. पण त्यावर उपाय दंडाची रक्कम ऐपतीप्रमाणे ठरवण्याचा आहे. नियमच नको, हे त्याचं उत्तर होत नाही. आणि दर वेळी सरकारच मागे लागतं असंही नाही. युटामध्ये टीव्हीवर गाजलेल्या डिझेलवाल्यांना कोर्टात खेचलं ते तिथल्या डॉक्टरांच्या संस्थेने. २०२० मध्ये सुमारे साडेआठ लाख डॉलरचा दंड झाला. अपिलात काही रकमेचा फेरविचार करायला सांगितलं गेलं, पण उल्लंघन झालं हा मूळ निकाल टिकला. हिवाळ्यात सॉल्ट लेकच्या खोऱ्यात धूर डोंगरांमध्ये कोंडून राहतो. तिथल्या डॉक्टरांना पेशंटचा खोकला रोज ऐकावा लागत असणार.

राहिला इमानदाराच्या हरण्याचा मुद्दा. हे लिहिणाऱ्याने इंडेक्स क्लास पाहिलेला दिसत नाही. डिझेल ड्रॅग रेसिंगमध्ये ७.७०, ६.७०, ५.९० सेकंद असे वेळ ठरलेले क्लास असतात, त्यांनाच इंडेक्स क्लास म्हणतात. ७.७० मध्ये तुम्ही ७.६९ मारलात तर ‘ब्रेकआउट’ आणि समोरचा नियमात राहिला तर तुम्ही बाद. जिंकतो तो लाइट हिरवा होताच सुटणारा आणि ठरलेल्या वेळेच्या जवळात जवळ जाणारा. तिथे फिल्टरसकट आलेल्या ट्रकला दोनशे जादा घोड्यांची भीती नसते, त्याला ती वेळ गाठता आली की झालं. कॅलिफोर्नियाच्या हवा मंडळाचा मंजुरी क्रमांक असलेले, म्हणजे प्रदूषण-नियंत्रण न बिघडवणारे, ट्यून आणि भाग बाजारात मिळतात, ते यासाठीच वापरावेत.

वरच्या, मोकळ्या क्लासांत फिल्टर नसणारच, आणि नसू दे. तिथे आयोजकांनी एक काम करावं. शर्यतीआधीच्या तपासणीत, म्हणजे टेक इन्स्पेक्शनला, हेल्मेट, हार्नेस, ड्राइव्हशाफ्टचा लूप आणि एक्झॉस्टचं तोंड ड्रायव्हर व इंधनटाकीपासून लांब आहे की नाही हे तपासतातच. त्याच टेबलावर रस्त्याची नोंदणी आणि नंबर प्लेट बघावी. प्लेट लावून, हायवेवरून चालवत आलेला डिलीट ट्रक असेल तर एंट्रीचे पैसे परत करून त्याला फाटकातूनच वळवावं, मग तो नावाजलेल्या टीमचा असो की पहिल्यांदा आलेल्या पोराचा.