आडनावाचं कुलचिन्ह नसतं

‘युरोपात प्रत्येक आडनावाला पिढीजात कोट ऑफ आर्म्स, म्हणजे ढालीवरचं कुलचिन्ह असतं. सिंह म्हणजे शौर्य, लाल म्हणजे लढवय्या, निळा म्हणजे निष्ठा. चिन्ह बघा, पूर्वजांचा स्वभाव कळेल.’ असा मजकूर सध्या जिकडेतिकडे फिरतोय. मला या विषयाची मनापासून ओढ आहे, म्हणून गप्प बसवत नाही.

आधी आडनावाचं. इंग्लंडमध्ये चिन्ह दिलं जातं एका माणसाला, मग ते त्याच्या वंशजांकडे जातं. आडनाव तेच आहे म्हणून हक्क मिळत नाही. १४८४ सालापासूनची कॉलेज ऑफ आर्म्स ही संस्था तिथे या चिन्हांच्या नोंदी ठेवते. स्कॉटलंडमध्ये तर दुसऱ्याचं चिन्ह वापरणं हा गुन्हा आहे.

आता सिंह. राणी दुसऱ्या एलिझाबेथच्या आईचं माहेर बोज-लायन. त्यांच्या ढालीवर निळा सिंह आहे आणि धनुष्यंही आहेत. का? लायन म्हणजे सिंह, बो म्हणजे धनुष्य. सरळसरळ नावावरची कोटी! शेक्सपिअरच्या वडिलांसाठी १५९६ साली केलेला चिन्हाचा कच्चा मसुदा अजून टिकून आहे. त्याच्या कोपऱ्यात घाईघाईने काढलेली ढाल दिसते, तिच्यावर तिरपा पट्टा आणि पट्ट्यात भाला. स्पिअर म्हणजे भाला. त्यातून कोणाचं शौर्य वाचणार? वडील तर हातमोजे बनवायचे.

रंगांचं म्हणाल, तर मूळ नियम दिसण्याचा. सोनेरी-रुपेरीवर गडद रंग, गडदावर सोनेरी-रुपेरी, म्हणजे ढाल लांबूनही ओळखू येते. रंगांच्या अर्थांचे तक्ते नंतरच्या लेखकांनी रचले आणि ते एकमेकांशी जुळतही नाहीत. केट मिडलटनच्या वडिलांना २०११ मध्ये चिन्ह मिळालं, त्यातला लाल-निळा हा ब्रिटिश झेंड्यावरून घेतलाय. मधली उलट्या V सारखी सोनेरी पट्टी तिच्या आईच्या माहेरच्या आडनावासाठी, कारण गोल्डस्मिथ म्हणजे सोनार. ओकची तीन फळं म्हणजे तीन मुलं. किती घरगुती आणि गोड आहे हे!

‘आपल्या शिंदे-होळकरांचीही असली चिन्हं शेकडो वर्षांची’ असंही त्या फिरणाऱ्या मजकुरात घुसडलंय. नाग, सूर्य ही प्रतीकं आपल्याकडे जुनी आहेतच. पण इंग्रजी धाटणीच्या त्या ढाली १८७७ च्या दिल्ली दरबारासाठी बंगालमधल्या रॉबर्ट टेलर या इंग्रज अधिकाऱ्याने आखल्या, आणि व्हाइसरॉय लिटनने त्या रेशमी निशाणांवर संस्थानिकांना दिल्या.

तेव्हा कोणी ‘तुमच्या आडनावाची’ फ्रेम विकायला आलं, तर एकच विचारा: हे चिन्ह कोणत्या माणसाला, कोणत्या साली दिलं होतं?