'आजकालच्या मुलींना दूधच पुरत नाही' या फॉरवर्डला मुद्देसूद उत्तर

गेले काही आठवडे पुण्यातल्या आयांच्या ग्रुप्सवर एक मेसेज जोरात फिरतोय, सोसायटीच्या ग्रुपवर आला, शाळेच्या मैत्रिणींच्या ग्रुपवर आला, माझ्या आत्याच्या भिशीच्या ग्रुपवरून तर दोनदा आला. वर मोठ्या अक्षरात 'जनहितार्थ', खाली कोणाचंच नाव नाही. म्हणणं असं की आजकालच्या मुलींना अंगावर दूध पुरत नाही, तेव्हा बाळाला उपाशी न ठेवता सुरुवातीपासूनच वरचं दूध चालू करा, आणि त्याला आधार म्हणून आठ मुद्दे दिलेत. शेवटी एका दुधाच्या पावडरच्या डब्याचा फोटो.

मी डॉक्टर नाही. कोथरूडला आमचा नव्या आयांचा छोटासा गट आहे, कोणाच्या तरी घरी जमतो, बाळं सतरंजीवर आणि आम्ही चहा घेत आजूबाजूला, अधूनमधून एक लॅक्टेशन कन्सल्टंट, म्हणजे अंगावर पाजायला शिकवणारी तज्ज्ञ ताई येऊन बसते. तिथे येणाऱ्या जवळजवळ प्रत्येकीने हा मेसेज वाचलेला असतो आणि तो वाचून रडलेली असते. म्हणून एकेक मुद्दा घेऊन लिहितेय.

पहिला मुद्दा: "पहिले तीन दिवस दूध नसतंच, तोपर्यंत मध, साखरपाणी किंवा पावडर द्या."

असतं. पहिल्या तासापासून असतं. घट्ट, पिवळसर, अगदी थोडं, त्याला आपण चीक म्हणतो. एका वेळेला चमचाभर निघालं तरी खूप झालं, कारण पहिल्या दिवशी बाळाचं पोटच तेवढं असतं, आणि त्या चमच्यात रोगांशी लढणारी प्रथिनं ठासून भरलेली असतात. गायीच्या चिकाचा खरवस आपण हौसेने करून शेजारी वाटतो आणि स्वतःच्या आईचा चीक मात्र बाळाला न देता पिळून टाकायला लावणारी घरं अजूनही आहेत, याचं मला फार वाईट वाटतं. मग दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान छाती भरून येते, सिझर झालं असेल तर थोडा उशीर होऊ शकतो. सिझरनंतरही पहिल्या तासात बाळाला छातीशी लावता येतं, जागतिक आरोग्य संघटना तेच सांगते, पण आपल्या देशात पहिल्या तासात दूध मिळणारी मुलं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत साधारण ४२ टक्केच भरली. पहिल्या काही दिवसांत बाळाचं वजन जन्माच्या वजनापेक्षा ७ ते १० टक्क्यांपर्यंत उतरतं आणि दोनेक आठवड्यांत परत येतं, त्याला उपासमार म्हणत नाहीत. त्याहून जास्त उतरलं तर डॉक्टरांनी बघायलाच हवं. आणि मध? एक वर्षाच्या आतल्या बाळाला बोटाला लावूनसुद्धा नाही. मधात बोट्युलिझम या गंभीर आजाराचे जंतू असू शकतात आणि तान्ह्या बाळाचं आतडं त्यांना थोपवू शकत नाही.

दुसरा मुद्दा: "बाळ सारखं रडतं, तासातासाला मागतं, म्हणजे पोट भरत नाही."

सगळ्यात जास्त नुकसान या एका वाक्याने होतं, म्हणून इथे जरा थांबते. तान्हं बाळ चोवीस तासांत ८ ते १२ वेळा पितं आणि ते घड्याळ लावून नाही. संध्याकाळी सहा-सातला तर लागोपाठ मागतं, सोडतं, परत मागतं, परत रडतं, आणि नेमकी तीच वेळ असते जेव्हा ऑफिसमधून सगळे घरी आलेले असतात, शेजारच्या काकू बाळ बघायला आलेल्या असतात, आणि दिवाणखान्यातून कोणीतरी म्हणतंच की अगं दूध पुरत नाहीये त्याला. बाळ भुकेने रडतं तसं गरम होतंय म्हणूनही रडतं, लंगोट ओला आहे, दमलंय, दिवसभर दहा जणांनी हाताळलंय, नुसतं आईला चिकटून राहायचंय म्हणूनही रडतं. रडण्यावरून दूध मोजता येत नाही.

मोजायचं असेल तर लंगोट मोजा. पाचव्या-सहाव्या दिवसापासून चोवीस तासांत सहा किंवा जास्त वेळा भरपूर सू होत असेल, रंग फिकट असेल, आणि वजन आठवड्याला दीडशे-दोनशे ग्रॅमच्या आसपास वाढत असेल तर दूध पुरतंय. शीचं गणित वेगळं आहे, सुरुवातीला दिवसातून कितीतरी वेळा होते आणि दीड महिन्यानंतर नुसतं अंगावर पिणारं बाळ काही दिवस शी न करताही मजेत राहू शकतं.

आता वरची बाटली आली की काय होतं ते बघा. संध्याकाळी घाबरून एक बाटली दिली, बाळ पोट भरून झोपलं, पुढचं अंगावरचं पिणं चुकलं. छातीत दूध साठून राहिलं. दूध जितकं बाहेर पडेल तितकं नवीन बनतं, आणि साठून राहिलं की शरीराला निरोप जातो की आता कमी बनव. दुसऱ्या दिवशी खरंच थोडं कमी, म्हणून दोन बाटल्या, तिसऱ्या दिवशी तीन, आणि दहा-बारा दिवसांत खरोखर दूध कमी झालेलं असतं. मग घरात सगळे म्हणतात, बघ, आम्ही म्हटलं होतं ना. रात्रीचं पाजणं यासाठीच महत्त्वाचं, दूध बनवणारं प्रोलॅक्टिन हे हार्मोन रात्री जास्त असतं, त्यामुळे "रात्री एक बाटली दे आणि झोप" हा प्रेमाने दिलेला सल्ला सुरुवातीच्या आठवड्यांत उलटा पडू शकतो. बाळंतिणीला झोप हवीच, पण ती कपडे, भांडी आणि पाहुणे दुसऱ्याने सांभाळून द्यावी.

आणि दूध खरंच कमी जात असेल तर आधी लॅच, म्हणजे बाळाची छातीवरची पकड बघायची. बाळाने नुसतं टोक चोखायचं नाही, मोठा आ करून भोवतीचा काळा भागही, खालच्या बाजूचा जास्त, तोंडात घ्यायचा, हनुवटी छातीला टेकलेली, गिळताना आवाज यायला हवा. पहिल्या दिवसांत थोडं हुळहुळतं, पण चिरा पडत असतील, रक्त येत असेल, पाजायच्या वेळी पायाची बोटं आवळली जात असतील तर पकड चुकतेय, सहन करत बसू नका.

तिसरा मुद्दा: "छाती मऊ पडली, पंपातून जेमतेम थोडंसं निघतं, म्हणजे दूध आटलं." नाही. महिना-दीड महिन्यात शरीराला अंदाज येतो आणि छाती दगडासारखी भरणं थांबतं, ते ठरल्याप्रमाणे चाललंय. पंप तर मोजमापाचं साधनच नाही, बाळ जेवढं ओढतं तेवढं मशीन ओढत नाही.

चौथा: "आईने गार, आंबट, भात, केळं खाल्लं की बाळाला सर्दी होते, आणि अळीव-डिंक खाल्ल्याशिवाय दूध येत नाही." बाळाची सर्दी व्हायरसमुळे, भातामुळे नाही. अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, मेथीची भाजी आवडत असेल तर जरूर खा, अळिवात लोह आहे, लाडवात ताकद आहे आणि कोणीतरी आपल्यासाठी केलेत याचाही आधार असतो. पण दूध वाढतं ते वारंवार पाजल्याने. आईला रोज साधारण ५०० ते ६०० कॅलरी जास्त लागतात, म्हणून सव्वा महिना तूप-भात, मेतकूट आणि बिनतिखटाचं वरण एवढ्यावर तिला ठेवू नका, भाज्या, उसळी, अंडी, फळं सगळं वाढा.

पाचवा: "पुण्याचा उन्हाळा कडक, बाळाला पाणी आणि गुटी हवीच." आईच्या दुधात जवळजवळ ८८ टक्के पाणीच असतं, एप्रिल-मे असला तरी सहा महिने वेगळ्या पाण्याची गरज नाही, फक्त जास्त वेळा पाजा. पाणी पोटात जागा अडवतं आणि जंतू घेऊन येतं. गुटीबद्दल लिहिलं की घरातली मोठी माणसं दुखावतात हे मला माहितीये, माझ्याही आजीची सहाण आमच्याकडे जपून ठेवलीये. पण वेखंड, जायफळ किती उगाळलं गेलं याला काही माप नाही, जायफळाने बाळ गुंगतं आणि गुंगलेलं बाळ प्यायला उठत नाही. सहा महिन्यांच्या आत द्यायचंच असेल तर डॉक्टरांनी लिहून दिलेले व्हिटॅमिन डीचे थेंब, रोज ४०० आययू.

सहावा: "आईला ताप आला, छातीत गाठ आली की पाजणं बंद." गाठ आणि सूज असताना तर पाजणं थांबवायचंच नाही, दूध तुंबून त्रास वाढतो. साध्या तापात पाजता येतं, पॅरासिटामॉल चालतं, अँटिबायोटिक लागलं तर डॉक्टरांना "मी पाजते" एवढं आधी सांगा म्हणजे ते तसं निवडून देतात.

सातवा: "नोकरीवाल्यांनी या फंदात पडू नये." २०१७ च्या दुरुस्तीनंतर कायद्याने पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा आहे, ५० किंवा जास्त माणसं असलेल्या कंपनीला पाळणाघराची सोय करावी लागते, आणि कामावर परतल्यावर बाळ १५ महिन्यांचं होईपर्यंत रोजच्या सुट्टीशिवाय दोन वेळा पाजायला वेळ मिळण्याचा हक्क आहे. हिंजवडीच्या किती एचआरना हे तोंडपाठ असेल हा वेगळा विषय, पण तुम्हाला माहीत असू द्या आणि लेखी मागा. काढलेलं दूध २५ अंशांपर्यंतच्या तापमानात चार तास टिकतं, आपल्या उन्हाळ्यात त्याहून कमी धरा, फ्रीजमध्ये आतल्या बाजूला चार दिवस. बाहेरगावी जाताना एसटी स्टँडवर हिरकणी कक्ष, म्हणजे बाळाला पाजण्यासाठीची खोली शोधा, बंद असेल तर उघडायला लावा, तो त्यासाठीच आहे.

आता आठवा मुद्दा, जो वाचून मी लिहायला बसले: "बायकांच्या ग्रुपमधले अडाणी सल्ले ऐकू नका, त्यांनीच आजच्या मुलींना हट्टी बनवलंय."

१९५६ मध्ये अमेरिकेतल्या इलिनॉयमध्ये सात आया एकत्र बसल्या, आजूबाजूला सगळीकडे बाटलीचं दूध चाललेलं आणि पाजायचं कसं हे दाखवणारं कोणी उरलेलं नव्हतं, त्यातून ला लेचे लीग ही आयांची संघटना उभी राहिली. ही आयांनी आयांना मदत करायची पद्धत नंतर जगभर तपासली गेली, जगभरचं वैद्यकीय संशोधन एकत्र तपासणाऱ्या कोक्रेन या संस्थेच्या आढाव्यातही निघालं की नेहमीच्या तपासणीबरोबर जास्तीचा आधार मिळाला, मग तो नर्सचा असो की शिकवून तयार केलेल्या साध्या आयांचा, तर बायका लवकर पाजणं सोडत नाहीत. आपल्याकडे हे काम घरातल्या चार बायका करायच्या. आता धायरीच्या अकराव्या मजल्यावर नवरा-बायको आणि एक बाळ, मालिशवाल्या मावशी सकाळी तासभर येतात, आई पंधरा दिवस राहून गावी परत जाते, मग रात्री दोन वाजता बाळ सोडेना की ती मुलगी विचारणार कोणाला? फोनलाच विचारणार, आणि फोनवर हा फॉरवर्ड.

गटात आम्ही काय करतो तर आधी तिला बसवतो, पाणी देतो, बाळ दुसरी कोणीतरी घेते. मग ती बोलते. बऱ्याचदा दुधाचा प्रश्न नसतोच, ती चार दिवस झोपलेली नसते किंवा कोणी तरी टोचून बोललेलं असतं. मग एखादी शेजारी बसून पाजताना बघते, उशी थोडी वर सरकवते, बाळाला पोटाशी वळवते, आणि ती म्हणते की आत्ता दुखलं नाही. औषध आम्ही कोणी सांगत नाही. जी सारखी रडतेय, जिला बाळाबद्दल काहीच वाटेनासं झालंय, तिला डॉक्टरांकडे घेऊन जातो, बाळंतपणानंतरचं नैराश्य हा आजार आहे आणि त्यावर इलाज आहे.

आणि हो, काही जणींना खरंच दूध कमी असतं. थायरॉईडचा त्रास, वारेचा तुकडा आत राहिलेला, छातीची आधी झालेली शस्त्रक्रिया, दूध बनवणाऱ्या ग्रंथीच पुरेशा न वाढलेल्या, अशी कारणं असतात. तिने वरचं दूध दिलं तर ती कमी आई होत नाही, आणि असं तिला बोलणाऱ्या बाईला आमच्या गटात जागा नाही. पुण्याच्या ससून रुग्णालयात मानवी दुग्धपेढी आहे, अशक्त आणि वेळेआधी जन्मलेल्या बाळांना तिथून दुसऱ्या आयांचं दूध मिळतं. पावडर द्यायची तर डॉक्टरांना विचारून, डब्यावरच्या मापाने, डबा जास्त दिवस जावा म्हणून पातळ न करता, उकळलेल्या पाण्यात, वाटी-चमच्याने. गायी-म्हशीचं पिशवीचं दूध एक वर्षाच्या आत मुख्य दूध म्हणून नको, लोह कमी पडतं. फॉरवर्ड लिहिणाऱ्याला या आयांची काळजी असती तर त्याने यातलं काहीतरी लिहिलं असतं. त्याने डब्याचा फोटो टाकला. आपल्याकडे १९९२ चा कायदा आहे, २००३ मध्ये तो आणखी कडक केला, दोन वर्षांखालच्या मुलांसाठीच्या दुधाच्या पावडरीची, बाटल्यांची जाहिरात करायला आणि आयांना फुकट नमुने वाटायला बंदी आहे. तुमच्या ग्रुपवर तो फोटो आला तर पुढे पाठवू नका, ज्याने टाकला त्याला हे सांगा.

पण पुढचं काही दिसलं तर ग्रुपवर विचारत बसू नका, आमच्याही नाही: बाळ प्यायला उठतच नाही, अंग सैल पडलंय, सहा-आठ तास सू नाही, कावीळ पायापर्यंत उतरलीये, ताप ३८ अंश सेल्सिअसवर गेलाय, श्वास जोरात चाललाय. रात्रीचे तीन वाजलेले असू देत, बाळाला उचला आणि हॉस्पिटल गाठा.