आजोबा निवाडा देत, मध्यस्थी करत नसत

गेल्या आठवड्यात तीन ग्रुपवर एकच मेसेज आला. गिरगावातल्या चाळीत आजोबा गॅलरीत उभे राहून पाच मिनिटांत तंटा मिटवायचे, आता मुलं त्यासाठी विद्यापीठात फी भरतात. समजूतदारपणा काही शिकवता येत नाही, तडजोडीच्या कागदाला कोर्टात किंमत नसते आणि डिग्रीने दंगल थांबत नाही, असं त्यात पुढे होतं. तंटे मिटवण्याचा हाच विषय मी विद्यापीठात शिकले आणि आज मध्यस्थी करते, म्हणून उत्तर देते आहे.

आधी आजोबा. त्यांचा शब्द चालायचा, कारण त्यांच्या वयाला मान होता. पण नळावरच्या भांडणात नव्या सुनेचं म्हणणं कोणी विचारलं का? ती गप्प बसली आणि सगळ्यांनी भांडण मिटलं असं धरलं. मध्यस्थाला असा निवाडा देताच येत नाही. लवाद निर्णय देतो. मध्यस्थीत निर्णय दोन्ही पक्षांचा असतो. हातात अधिकार नसताना दोघांना बोलतं ठेवायचं, हे शिकावंच लागतं.

ते शिकवता येतं, हे मी वर्गातच अनुभवलं. रोल-प्ले होता: वरच्या बाथरूममधून खालच्या घरात गळती. मध्यस्थ मी. चार मिनिटांत तोडगा सुचवला, खर्च निम्मा-निम्मा. मॅडमनी थांबवून विचारलं, "खालच्या बाईंना काय हवंय, हे विचारलंस?" नव्हतं विचारलं. त्या पात्राच्या कागदावर लिहिलं होतं की दोन वर्षं तक्रार करूनही वरचं कोणी एकदाही खाली येऊन भिंत बघितली नाही. पैसे त्यानंतरचे. मागणी एक असते, तिच्यामागचं दुखणं वेगळं. दोन्ही बाजूंना वेगवेगळं भेटून काय विचारायचं, तिथे ऐकलेलं परवानगीशिवाय दुसरीकडे का न्यायचं नाही, हेही तिथेच शिकले. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे थांबायचं कधी: बायको नवऱ्याच्या माराला घाबरत असेल, तर दोघांना एका टेबलावर बसवणं तिच्या जिवावर बेतू शकतं. "जाऊ दे, मिटवून टाका" म्हणणाऱ्या वडीलधाऱ्यांना हे सुचत नाही.

तडजोडीच्या कागदाला कोर्टात किंमत नसते, हे म्हणणं तर साफ चूक. दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ८९ सन २००२ पासून लागू आहे. त्याखाली मध्यस्थीत समझोता झाला, तर तो न्यायालयापुढे जातो आणि त्यावर हुकूमनामा, म्हणजे कोर्टाचा बंधनकारक निर्णय होतो. तीन लाख रुपये किंवा त्याहून जास्त रकमेच्या व्यावसायिक वादात तातडीचा दिलासा मागायचा नसेल, तर दाव्याआधी मध्यस्थी सक्तीची आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये ते स्पष्ट केलं.

राहिली दंगल. १९८४ मध्ये भिवंडी पेटली होती. पुढे सुरेश खोपडे या पोलीस अधिकाऱ्याने तिथे मोहल्ला समित्या उभ्या केल्या. दोन्ही समाजांची माणसं आणि पोलीस शांततेच्या दिवसांतही नियमित एकत्र बसू लागले. १९९२-९३ मध्ये मुंबई जळत होती तेव्हा भिवंडी शांत राहिली. खोपड्यांकडे मध्यस्थीची डिग्री नव्हती, हे मान्य. पण त्यांनी काय केलं, कोणत्या क्रमाने केलं, दुसऱ्या गावात त्यातलं काय चालेल, याचा अभ्यास म्हणजेच हा विषय. नाहीतर खोपडे निवृत्त झाले की त्यांचं शहाणपणही त्यांच्याबरोबर घरी जातं.