अंगठा मात्र स्पष्ट आला

सोसायटीच्या ग्रुपवर सध्या एका अळीचा फोटो फिरतोय. खाली मजकूर आहे, "बागेत अळ्या झाल्या आहेत, कमिटीने त्वरित दखल घ्यावी." फोटो अप्रतिम आहे, आणि माझं दुखणं तेच आहे. पाठीवरची नक्षी, डोळ्यांसारखे दोन ठिपके, पानाची शीर न् शीर. बी विंगच्या काकांनी तो एका हाताने काढला. दुसऱ्या हातात दुधाची पिशवी होती. त्याच अळीसमोर मी त्यांच्या कितीतरी आधीपासून ओणवा होतो, आणि मला जे मिळालं त्यात अळी कुठली नि देठ कुठला हे बोट ठेवून सांगावं लागतं.

माझा कॅमेरा खिशात मावणारा, जुना डिजिटल. भाची तो बघून "मामा, डिजिकॅम!" असं किंचाळली होती. तिच्या कॉलेजात हल्ली असे कॅमेरे शोधून आणतात आणि मुद्दाम धुरकट फोटो काढतात म्हणे. माझे मुद्दाम नसतात.

या कॅमेऱ्यावर फुलाचं एक चिन्ह आहे. ते दाबलं की मॅक्रो, म्हणजे अगदी जवळून फोटो काढायची सोय. वस्तू भिंगापासून पाच सेंटिमीटरवर असली तरी चालेल, असं माहितीपत्रक म्हणतं. हे पाच सेंटिमीटर ठाण्यातल्या बिल्डरच्या 'स्टेशनपासून पाच मिनिटं'सारखे असतात. खोटे नसतात, फक्त कुठल्या परिस्थितीत खरे ते राहायला गेल्यावर कळतं. झूम पूर्ण मागे असेल तरच पाच. बोट चुकून झूमच्या खटक्याला लागलं की कॅमेरा म्हणतो, आता अर्धा हात मागे सरका. बरं, पाच सेंटिमीटरवर गेलात तर भिंगाचीच सावली अळीवर. फ्लॅश लावावा तर त्याचा उजेड भिंगाच्या नळकांड्याला अडतो आणि फोटोचा खालचा कोपरा काळा. फुलपाखरं तर इतक्या जवळ कुणाला येऊच देत नाहीत. म्हणून मी अळीवर आलो. अळी उडत नाही.

पण ती हिरवी असते आणि हिरव्याच पानावर बसते. कॅमेऱ्याचा ऑटोफोकस भिंग पुढे-मागे सरकवत सगळ्यात ठळक कडा कुठे सापडते ते बघतो. आमच्या कढीपत्त्यामागे आग विझवायच्या वाळूची लाल बादली टांगलेली आहे. भिंग घुर्रर्र करून पुढे यायचं, घुर्रर्र करून मागे जायचं आणि समाधानाने बादलीवर थांबायचं. माझ्याकडे त्या बादलीचे फार सुंदर फोटो आहेत. थोडे धूसर आहेत, पण बादली आहे हे कळतं.

मग उरतो मॅन्युअल फोकस. मोठ्या कॅमेऱ्यात भिंगाभोवतीचं कडं फिरवायचं असतं. इथे कडं नाही, बटणं. पडद्याच्या कडेला एक पट्टी येते, खाली काही सेंटिमीटर, वर अनंत. बटण दाबलं की खूण एक टिचकी सरकते. दाबून धरलं की थेट अनंताच्या दिशेने. मधला भाग मोठा करून दाखवायची सोय आहे, पण मोठं केलं की पान चौकटीबाहेर जातं. पडदा अडीच इंची, आणि ऑक्टोबरच्या उन्हात त्यात फक्त माझं स्वतःचं तोंड दिसतं. चाळिशी लावली तर पडदा दिसतो, अळी दिसत नाही. काढली तर उलट.

यावर एक उपाय आहे. फोकस सगळ्यात जवळच्या अंतरावर ठेवायचा, बटणांना हात लावायचा नाही आणि स्वतःच पुढे-मागे व्हायचं. इतक्या जवळून जेमतेम काही मिलिमीटरचा पट्टा स्पष्ट येतो, तेव्हा सगळं अंगच फोकसचं कडं समजून डुलायचं. पद्धत उत्तम आहे. फक्त मागून बघणाऱ्याला असं दिसतं की एक चांगला बाप्या माणूस कढीपत्त्यासमोर ओणवा होऊन श्वास रोखून झुलतोय.

"काही हरवलंय का?"

"नाही काका. फोटो काढतोय."

"कशाचा?"

"अळीचा."

काका जरा थांबले. "का?"

याला उत्तर नसतं. वडापावचा फोटो काढणाऱ्याला कुणी 'का' म्हणून विचारत नाही. उपवन तलावाच्या कठड्यावर स्वतःच्याच बुटांचा फोटो काढणाऱ्यालाही विचारत नाही. अळीला मात्र कारण लागतं.

"बघू कुठाय," म्हणून काका माझ्या खांद्यावरून वाकले. आख्खे काका आणि दुधाची पिशवी यांची सावली झाडावर पडली.

"काका, जरा सावली..."

"हो हो, म्हणूनच उभा राहिलो. केवढं ऊन आहे."

मी गप्प बसलो.

"झूम करा ना."

"झूम केलं की मॅक्रो जातो."

"कुठे जातो?"

"म्हणजे जवळचं दिसत नाही."

"अहो, जवळचं दिसायलाच झूम असतं ना?"

इथे मी भिंग, अंतर वगैरे सांगू लागलो. काका मान हलवत होते. बोलणं संपायची वाट बघणारी मान असते ना, ती. संपल्यावर म्हणाले, "आमच्या पुतण्याकडे मोठा कॅमेरा आहे. एवढी लेन्स! येऊरला जातो. बिबट्या काढला त्याने. तुम्ही बिबट्या का नाही काढत?"

"तो पाच सेंटिमीटरवर येत नाही."

"प्रयत्न करायला काय हरकत आहे?"

एवढ्यात वारा सुटला. मॅक्रोमध्ये वारा म्हणजे भूकंप. अळी चौकटीत डावीकडून आत यायची, उजवीकडून बाहेर जायची. "पान हलतंय," काकांनी निदान केलं, "थांबा, मी धरतो." आणि नको म्हणेपर्यंत त्यांनी देठ चिमटीत धरला.

आता ही अळी कॉमन मॉरमॉन फुलपाखराची. लहानपणी ती हुबेहूब पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते. त्यामुळे पक्षी तिला तोंड लावत नाहीत आणि काकाही. मोठी झाली की हिरवीगार होते, आणि कुणी छेडलं तर डोक्यामागून लाल, दोन टोकांचा एक अवयव बाहेर काढते. त्याला उग्र वास येतो. हे क्षणभरच दिसतं. काकांनी छेडलं, तिने काढला.

"अरे, जीभ काढली हिने!"

अळी चौकटीत मधोमध होती. मी श्वास रोखून पुढे झुकलो. लाल टोकं स्पष्ट झाली आणि मी बटण दाबलं. हात हलू नये म्हणून मी दोन सेकंदांचा टायमर लावून ठेवला होता. असे फोटो असेच काढतात, कुणालाही विचारा. कॅमेऱ्याचा लाल दिवा लुकलुकू लागला.

"झालं?" म्हणत काकांनी पान सोडलं.

मग फोटो निघाला. पान गेलेलं, अळी गेलेली, आणि भिंगासमोर बरोबर पाच सेंटिमीटरवर काकांचा अंगठा. आधार कार्डाला चालेल इतक्या रेषा स्पष्ट.

काकांनी खिशातून फोन काढला. मुलाने बाहेरून पाठवलेला आहे. त्यांनी तो कोयता धरावा तसा धरला आणि अळीवर नेला. फोनने आपण होऊन दुसरं भिंग निवडलं, आपण होऊन फोकस केला. खट्. "हे बघा. असं काढायचं."

ते घरी पोचायच्या आत फोटो ग्रुपवर पोचला. "विषारी आहे का?" "अंगाला लागली तर गांधी उठतात." "ए विंगच्या बाजूलाही दिसली होती, पण तेव्हा कुणी लक्ष दिलं नाही." मी लिहिलं, ही फुलपाखराची अळी आहे, फक्त कढीपत्ता, लिंबू असलीच पानं खाते, माणसाला काही करत नाही. हिचं भावंड ब्लू मॉरमॉन हे २०१५ पासून महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू आहे. घोडबंदर रोडची धूळ खात लोक ओवळ्याच्या फुलपाखरू उद्यानापर्यंत जातात ते हेच बघायला. त्यावर उत्तर आलं, "मग ओवळ्याला सोडून या." आणखी एकाने विचारलं, "राज्य फुलपाखरू म्हणजे पोलीस केस होते का?" सेक्रेटरी सभ्य आहेत. त्यांनी खासगीत कळवलं, "तुमच्याकडचा एखादा चांगला फोटो टाका, म्हणजे दुसरी बाजूही लोकांसमोर येईल."

दुसऱ्या बाजूकडे बादली होती आणि अंगठा होता.

पाठीवर पंप लावून माणूस आला, फवारून गेला. झाडावर आता काही नाही. ज्या झाडावरून सगळ्या विंगा फोडणीला पानं न्यायच्या, त्याच्यावर "पाने तोडू नयेत" असा कागद लटकतोय, आणि फवारणीचा खर्च मेंटेनन्समध्ये लागणार आहे, म्हणजे माझ्याही. मला हसू येत नाही याचं. इतकी वर्षं त्या अळ्या तिथे होत्या, कुणाला दिसल्या नव्हत्या, कुणाचं काही अडलं नव्हतं. माझ्या फोटोंनी आजवर एकाही अळीच्या केसाला धक्का लागलेला नाही. (या अळीला केस नसतात, पण तरी.) धूसर होते, निरुपद्रवी होते. एक फोटो स्पष्ट आला आणि औषध आलं.

काल रात्री इंटरकॉम वाजला.

"अहो, जास्वंदीवर पांढरं पांढरं काहीतरी झालंय, कापसासारखं. उद्या सकाळी तो तुमचा कॅमेरा घेऊन खाली येता का? माझ्या फोनचं स्टोरेज फुल झालंय."

"पिठ्या ढेकूण असेल, काका. फवारणी कधी ठरलीय?"

"फोटो आला की लगेच. मी पान धरतो ना."