‘कोलेस्टेरॉलची गोळी आजच बंद करा’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

साताऱ्यात माझं औषधांचं दुकान आहे. दिवाळीनंतरच्या एका संध्याकाळी नेहमीचे एक काका आले, बीपीची गोळी घेतली आणि म्हणाले, "ती हार्टची कॅप्सूल नको आता. महिना झाला बंद करून. पाय फार दुखायचे." पाच महिन्यांपूर्वी त्यांची अँजिओप्लास्टी झालेली, एक स्टेंट टाकलेला. मी काही बोलायच्या आत त्यांनी मोबाइल काउंटरवर ठेवला. "हे वाचा."

तो मेसेज मी आधीही वाचला होता, तुमच्याही फोनवर आला असेल. शब्द दरवेळी थोडे बदलतात, म्हणणं तेच. कोलेस्टेरॉल हा आजारच नाही, औषध कंपन्यांनी घातलेली भीती आहे. कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या स्टॅटिन गटातल्या गोळ्यांनी दर पाचांत एकाचे स्नायू झिजतात, लिव्हर-किडनी जाते, डायबिटीस लागतो, विसरायला होतं. परदेशात यांच्यावर बंदी आलीय. तेव्हा आजच बंद करा आणि आलं, लसूण, लिंबू, व्हिनेगर आटवून मधातून घ्या, ब्लॉकेज आपोआप निघतील.

मी डॉक्टर नाही, फार्मासिस्ट आहे. पण गोळी कोण सोडतं हे डॉक्टरांच्या आधी मला कळतं, कारण ते बिलात दिसतं. महिन्याच्या तीस गोळ्या नेणारा माणूस दहा नेतो, मग येतच नाही. अशा माणसांशी बोलल्यावर एक गोष्ट पुन्हा पुन्हा ऐकायला मिळते. पाय दुखतात हे त्यांनी दवाखान्यात सांगितलेलं असतं. काकांनीही सांगितलं होतं. "वयानुसार चालायचंच, गोळी चालू ठेवा," एवढं ऐकून ते बाहेर आले. मग एका मेसेजनं त्यांना सांगितलं, की तुमचे पाय खरंच दुखतायत आणि कारण ही गोळी आहे. त्यांच्या दुखण्यावर विश्वास ठेवणारा पहिला तोच निघाला. म्हणून त्यातलं खरं काय आणि खोटं काय, हे नीट सोडवून सांगणं मला गरजेचं वाटतं.

"कोलेस्टेरॉल हा आजारच नाही." शरीराला कोलेस्टेरॉल लागतं आणि लिव्हर ते स्वतः बनवतं, हे खरं. मेसेजमध्ये अमेरिकेचा 2015 चा दाखला असतो. त्या वर्षीच्या आहारविषयक सूचनांतून रोज 300 मिलिग्रॅमची मर्यादा काढली गेली, हेही खरं. पण ती मर्यादा ताटातल्या कोलेस्टेरॉलची होती, अंड्याच्या बलकाची. रक्तातलं एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, वाढलं तरी चालेल असं तिथं कुणी म्हटलेलं नाही. एलडीएल उतरवल्यानं माणसं वाचतात का, याचं ठोस उत्तर 1994 मध्येच मिळालं. स्कॅन्डिनेव्हियातल्या 4444 हृदयरुग्णांपैकी निम्म्यांना सिम्वास्टॅटिन हे स्टॅटिन दिलं, निम्म्यांना दिसायला तशीच पण बिनऔषधी गोळी. साधारण साडेपाच वर्षांनी बिनऔषधी गोळीवाल्यांत 256 जण दगावले होते, सिम्वास्टॅटिनवाल्यांत 182. पस्तिशीच्या माणसाला बीपी नाही, शुगर नाही, घराण्यात हार्टचं काही नाही, आणि एलडीएल जरासं वर आलंय म्हणून लगेच जन्माची गोळी लावावी का, यावर डॉक्टरांशी जरूर वाद घाला. ज्याच्या छातीत स्टेंट आहे त्याच्यासाठी हा वाद उरलेला नाही.

"परदेशात बंदी." स्टॅटिनवर बंदी कुठंच नाही. या गटातलं एक औषध, सेरिव्हास्टॅटिन, बायर कंपनीनं ऑगस्ट 2001 मध्ये बाजारातून काढून घेतलं. त्यानं स्नायू झपाट्यानं विरघळून माणसं दगावली होती, विशेषतः जेम्फायब्रोझिल हे रक्तातली चरबी उतरवणारं दुसरं औषध सोबत घेणारी. बाकीची औषधं तेव्हाही चालू होती, आजही आहेत. पण स्टॅटिन काही सोबतच्या औषधांमुळे धोक्याचं होऊ शकतं, हा त्यातला धडा खरा आहे. त्यावर पुढे येतो.

आता स्नायूंचं. या एका मुद्द्यावर सगळ्यात जास्त माणसं गोळी सोडतात, म्हणून इथं जरा थांबू या.

"दर पाचांत एकाचे स्नायू झिजतात." स्टॅटिन घेणाऱ्यांत अंगदुखीची तक्रार करणारे पुष्कळ असतात. प्रश्न असा, की त्यांतल्या किती जणांचं दुखणं गोळीमुळे आहे? चाळिशी-पन्नाशी ओलांडलेल्या माणसांत, गोळी नसतानाही, गुडघे, पोटऱ्या, पाठ दुखतच असतात. 2022 मध्ये लान्सेट या वैद्यकीय नियतकालिकात 19 चाचण्यांचा एकत्र हिशेब आला. एकूण सव्वा लाखाच्या जवळपास माणसं, आपण खरी गोळी घेतोय की बिनऔषधी हे कुणालाच माहीत नव्हतं. स्नायूंचा त्रास सांगणारे स्टॅटिनवाल्यांत 27.1 टक्के, बिनऔषधी गोळीवाल्यांत 26.6 टक्के. पहिल्या वर्षात मात्र फरक होता: दर हजारांत साधारण 11 जणांना त्रास झाला तो गोळीमुळेच. तेही बहुतेक हलकं दुखणं. म्हणजे गोळीनं पाय दुखूच शकत नाहीत असं म्हणणारा डॉक्टर चुकतो, आणि पाय दुखले म्हणजे गोळीच असं म्हणणारा मेसेज त्याहून कितीतरी जास्त चुकतो.

याहून मला भावलेला प्रयोग लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमधला आहे, 2020 साली प्रसिद्ध झालेला. त्यांनी अशी 60 माणसं घेतली ज्यांनी त्रासामुळे स्टॅटिन सोडून दिलेलं होतं. प्रत्येकाला 12 बाटल्या दिल्या, एका महिन्याला एक. चार बाटल्यांत अॅटोर्वास्टॅटिन, चारांत बिनऔषधी गोळ्या, चार रिकाम्या. कोणत्या महिन्यात कोणती बाटली, हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलेलं. रोज किती त्रास झाला याला शंभरपैकी गुण द्यायचे. रिकाम्या बाटलीच्या महिन्यांत सरासरी 8, स्टॅटिनच्या महिन्यांत 16.3. त्रास दुप्पट, म्हणजे ही माणसं खोटं बोलत नव्हती. पण बिनऔषधी गोळीच्या महिन्यांतही गुण 15.4 होते. आपल्याला त्रास होणार अशी धास्ती घेऊन गोळी गिळली, की शरीर तो त्रास उभा करतं, आणि तो खराखुरा दुखतो. ‘मनाचे खेळ’ म्हणून याची बोळवण करू नये. स्वतःचे आकडे पाहिल्यावर त्या 60 पैकी निम्म्यांनी गोळी पुन्हा सुरू केली. हा मेसेज दर फॉरवर्डबरोबर नेमकी तीच धास्ती वाटत फिरतो, आणि ती घेऊन गोळी गिळणारी माणसं माझ्या काउंटरवर येतात.

गोळीचा खरा घाव कसा असतो, तेही मी पाहिलंय. एका मावशींना अॅटोर्वास्टॅटिन 40 चालू होती, काही वर्षं, विनातक्रार. मग अंगावर गजकर्ण उठलं. दुसऱ्या डॉक्टरांनी इट्राकोनॅझोलच्या कॅप्सूल दिल्या, त्या मावशींनी दुसरीकडून घेतल्या. तिसऱ्या आठवड्यात त्या दुकानाच्या दोन पायऱ्या कठड्याला धरून चढल्या. मांड्या दोन्हीकडून सारख्या दुखत होत्या, खाली बसलं की उठता येत नव्हतं, आणि लघवी कोऱ्या चहासारखी होत होती. मी त्यांना गोळी दिली नाही, रिक्षात बसवून दिलं. सीपीके, म्हणजे स्नायू झिजले की रक्तात वाढणारं एन्झाइम, भरमसाट वाढलेलं निघालं. सलाइन, दवाखान्यात मुक्काम, दोन्ही औषधं बंद, आणि किडनी थोडक्यात बचावली. अॅटोर्वास्टॅटिन आणि सिम्वास्टॅटिन लिव्हरमध्ये ज्या वाटेनं मोडतात, ती वाट इट्राकोनॅझोल अडवून धरतं, त्यामुळे रक्तात औषध साठत जातं. क्लॅरिथ्रोमायसिन या अँटिबायोटिकचंही तसंच. गजकर्णाची साथ घराघरांत असताना आणि इट्राकोनॅझोल इतकं लिहून दिलं जात असताना, ही एक गोष्ट प्रत्येक स्टॅटिनवाल्याला माहीत हवी. मेसेजमध्ये तिचा उल्लेखही नाही. असा गंभीर प्रकार दहा हजारांत एखाद्याला होतो, पण होतो, आणि त्याची खूण ठरलेली आहे: दोन्ही मांड्या किंवा दोन्ही दंडांत दुखणं, ताकद जाणं, काळपट लघवी. असं झालं तर गोळी त्याच दिवशी थांबवून दवाखाना गाठायचा.

"लिव्हर आणि किडनी जाते." काहींच्या रिपोर्टमध्ये लिव्हरचे एन्झाइम थोडे चढतात, बहुतेकदा आपोआप उतरतात. लिव्हरला गंभीर इजा इतकी विरळ आहे, की दर काही महिन्यांनी सगळ्यांची तपासणी करायची अट अमेरिकेच्या औषध प्रशासनानं 2012 मध्ये काढून टाकली. सुरू करण्याआधी एकदा तपासायचं, आणि कावीळ दिसली तर लगेच. ज्यांची किडनी आधीच अशक्त आहे त्यांना रोसुवास्टॅटिन कमी मात्रेत देतात. एवढंच.

"डायबिटीस लागतो." यात तथ्य आहे आणि ते पेशंटला आधी सांगितलं पाहिजे. 2010 मध्ये 91 हजारांवर लोकांचा हिशेब झाला, त्यात डायबिटीसचं प्रमाण 9 टक्क्यांनी वाढलेलं दिसलं. 255 जणांनी चार वर्षं गोळी घेतली तर एक जास्तीचा. मोठ्या मात्रेत ते अधिक. ज्यांची शुगर आधीच काठावर आहे, मुख्यतः तेच काठ ओलांडतात. पण त्याच संख्येत हार्ट अटॅक किंवा त्यानं होणारे मृत्यू पाचेक टळतात. आपल्याकडे काठावरची शुगर घरटी सापडते, तेव्हा गोळी सुरू करताना एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची तपासणी, करून घ्यावी आणि मग वर्षातून एकदा.

"विसरायला होतं." ब्रिटनमध्ये 20 हजारांवर लोकांना पाच वर्षं सिम्वास्टॅटिन किंवा बिनऔषधी गोळी देऊन पाहिलं, शेवटी स्मरणशक्ती तपासली, फरक सापडला नाही. क्वचित कुणाला गोंधळल्यासारखं होतं, ते गोळी थांबवल्यावर जातं.

आणि शेवटचं, "आजच बंद करा." काकांचा मोबाइल बाजूला ठेवून मी त्यांची कॅप्सूलची स्ट्रिप काढली आणि उलटी करून दाखवली. मागे बारीक अक्षरांत तीन नावं होती: अॅटोर्वास्टॅटिन, अॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल. काकांनी चष्मा वर करून वाचलं. कोलेस्टेरॉलची गोळी म्हणून त्यांनी जे बंद केलं होतं, त्यात रक्ताची गुठळी होऊ न देणारी दोन्ही औषधं होती. नवीन स्टेंटमध्ये ती औषधं मध्येच तुटली तर गुठळी धरून स्टेंट एका तासात बंद पडू शकतो. आपल्याकडे अशा एकत्र कॅप्सूल सर्रास दिल्या जातात, सोयीच्या असतात, आणि पेशंटला आत काय आहे ते कुणी सांगत नाही. यात आम्ही दुकानदारही आलो. मी त्यांना ती दर महिन्याला देत होते, एकदाही उलटी करून दाखवली नव्हती.

आलं-लसणाचा काढा प्यायला माझी हरकत नाही. धमनीच्या भिंतीत बसलेला थर त्यानं निघत नाही, आणि क्लोपिडोग्रेलचं काम तर तो मुळीच करत नाही.

काका दुसऱ्याच दिवशी हृदयरोगतज्ज्ञांकडे गेले, सोबत मी लिहून दिलेली चिठ्ठी: दुखणं कुठं, कधीपासून, एका पायात की दोन्ही, सोबतची सगळी औषधं, आणि थायरॉईड, व्हिटॅमिन डी, सीपीके तपासायचं का हा प्रश्न. थायरॉईड मंद असलं तर कोलेस्टेरॉलही वाढतं आणि अंगही दुखतं, हे पुष्कळदा बघायचंच राहून जातं. यावेळी डॉक्टरांनी वेळ दिला. सीपीके नॉर्मल आलं. त्यांनी कॅप्सूल फोडली, म्हणजे गुठळीची औषधं वेगळ्या गोळीत कायम ठेवली आणि स्टॅटिन एकटं वेगळं काढलं. तीन आठवडे स्टॅटिन बंद, मग रोसुवास्टॅटिन 5. आशियाई लोकांच्या रक्तात रोसुवास्टॅटिन जास्त चढतं, म्हणून सुरुवात पाचपासून. तेही नाही सोसलं तर कोलेस्टेरॉल उतरवणारी, स्टॅटिन नसलेली औषधं आहेत: एझेटिमाइब आहे, बेम्पेडोइक अॅसिड आहे. स्टॅटिन न सोसणाऱ्या जवळपास 14 हजार लोकांवर बेम्पेडोइक अॅसिडची चाचणी होऊन 2023 मध्ये गुण दिसलाय.

रोजच्या दुखण्याला दहापैकी गुण द्यायला काकांना सांगितलं होतं. गेल्या महिन्यात ते कालनिर्णयची दोन पानं घडी घालून घेऊन आले. दुधाच्या हिशेबाखाली लाल पेनानं रोजचे आकडे. गोळी बंद असतानाचे पाच, चार, पाच, चार. चालू झाल्यावरचे चार, पाच, चार, आणि एका रविवारी सात. त्या रविवारी ते अजिंक्यतारा चढून आले होते. काकूंनी दोन्ही पानं शेजारी शेजारी ठेवून पाहिली आणि मला विचारलं, "मग दुखतंय कशानं?" थायरॉईडची चिठ्ठी अजून काकांच्या खिशातच होती. रक्त उपाशीपोटी द्यायचं का, ते विचारायला ते आले होते.