कोर्ट उठेपर्यंत

आरोपी निर्दोष सुटला तर मेलेल्या माणसाच्या घरच्यांना अपील करता येतं. मोठा गुन्हा सोडून आरोपीला छोट्या गुन्ह्यात दोषी धरलं, तरी करता येतं. नुकसानभरपाई कमी मिळाली तरी करता येतं. पण गुन्हा सिद्ध झाला आणि शिक्षा मात्र नावापुरती दिली, तर त्यांना अपिलाचा हक्क नाही. तो फक्त सरकारला आहे. हे चूक आहे, हा कायदा बदलायला हवा, आणि त्यासाठीच आज एवढं लिहिते आहे.

रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका तालुका कोर्टाच्या फाटकासमोर माझं झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान आहे. मी वकील नाही. पण नकलेचे अर्ज, प्रतिज्ञापत्रं, वकीलपत्रं, मुदतीचे अर्ज रोज टाईप करते, आणि जे टाईप करते ते वाचते. मुंबई-गोवा महामार्ग आपल्या दारातून जातो, त्यामुळे अपघाताचे कागद सगळ्यात जास्त. एफआयआर, पंचनामा, पोस्टमॉर्टेम, गाडीचा विमा, क्लेमचा दावा. कागद बघून गाव ओळखावं इतकी सवय झाली आहे.

आमच्या ओळखीतले एक काका पहाटे सायकलवरून दूध घालायला जायचे. एका मोटारीने त्यांना मागून उडवलं. गाडी थांबली नाही, पुढच्या गावात लोकांनी ती अडवली. काका जागच्या जागी गेले. हे नवीन कायदे येण्याआधीचं, म्हणजे गुन्हा भारतीय दंड संहितेच्या 304-अ खाली, निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याचा, जास्तीत जास्त दोन वर्षांचा. मग वर्षानुवर्षं तारखा. काकी प्रत्येक तारखेला यायच्या, साक्ष झाल्यावरही यायच्या. आणि एक दिवस आरोपीने गुन्हा कबूल केला. शिक्षा झाली कोर्ट उठेपर्यंत कैद आणि काही हजार रुपये दंड.

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते. कोर्ट उठेपर्यंत कैद म्हणजे कोर्टाचं त्या दिवसाचं काम संपेपर्यंत तिथेच बसून राहायचं. तुरुंग नाही, कोठडी नाही. संध्याकाळी तो माणूस फाटकातून बाहेर आला, माझ्याच दुकानात दंडाच्या पावतीची झेरॉक्स काढली आणि गाडीत बसून गेला. काकी समोरच्या बाकावर होत्या. मला म्हणाल्या, "बाय गो, झाला? ह्यासाठी इतकी वरसा येत होती मी?"

मग त्यांनी विचारलं, आता वरच्या कोर्टात जायचं ना? त्या प्रश्नाचं नीट उत्तर मिळवायला मी बरीच पुस्तकं चाळली, दुकानात येणाऱ्या वकिलांना विचारलं. जे कळलं ते इथे लिहिते, कारण हा प्रश्न एकट्या काकींचा नाही.

फौजदारी प्रक्रिया संहितेत 377 कलम होतं, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ते 418 झालं आहे. शिक्षा अपुरी वाटली तर राज्य सरकार सरकारी वकिलाला अपील करायला सांगू शकतं. मॅजिस्ट्रेटने दिलेली शिक्षा असेल तर सत्र न्यायालयात, सत्र न्यायालयाने दिलेली असेल तर उच्च न्यायालयात. मुदत सत्र न्यायालयासाठी 30 दिवस, उच्च न्यायालयासाठी 60. कागदावर हे ठीक दिसतं. पण तालुक्याच्या कोर्टातल्या 304-अ च्या निकालाकडे सरकारचं लक्ष जाणार कसं? नव्या संहितेच्या कलम 20 मध्ये अभियोग संचालनालयाची, म्हणजे सरकारी वकिलांच्या कामावर देखरेख करणाऱ्या खात्याची, कामं वाटून दिली आहेत. अपील करावं की नाही यावर मत देण्याचं काम तिथे संचालकांकडे आहे, पण ते दहा वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांपुरतं. सात वर्षांपेक्षा कमी शिक्षेचे गुन्हे सहायक संचालकांकडे, आणि तिथे फक्त देखरेख लिहिली आहे, अपिलाचा शब्दही नाही. रस्त्यावरचा मृत्यू नव्या कायद्यातही पाच वर्षांपर्यंतच्या शिक्षेचा गुन्हा आहे. म्हणजे ज्या निकालावर फेरविचार व्हावा की नाही हे बघणं कुणाचंच नेमून दिलेलं काम नाही, त्याच निकालात घरच्यांना दार बंद आहे.

आता त्या शिक्षेची कारणं. ही गोष्ट वाचली तेव्हा मी पान दोनदा उलटून बघितलं. ज्या गुन्ह्याला एक वर्ष किंवा जास्त शिक्षा आहे, त्यात न्यायालयाने तीन महिन्यांपेक्षा कमी कैद दिली तर कारणं लिहावी लागतात. जुन्या संहितेत कलम 354(4), नव्यात 393(4). चांगलं कलम आहे. पण त्यातच सूट आहे: शिक्षा कोर्ट उठेपर्यंतची असेल तर कारणं लिहिण्याची सक्ती नाही. दोन महिने दिले तर का दिले ते सांगा, काही तास दिले तर सांगायची गरज नाही. किरकोळ गुन्ह्यात ही सूट समजू शकते. माणूस मेल्याच्या खटल्यात ती का असावी?

आणि निकालाची नकल. कैदेची शिक्षा झालेल्या आरोपीला निकालाची प्रत ताबडतोब आणि फुकट द्यायची, असं कायदा सांगतो. योग्यच आहे, त्याला अपील करायचं असतं. काकींना मात्र नकलेचा अर्ज करून, फी भरून, वाट बघून ती घ्यावी लागली. त्यांचा नवरा ज्या निकालात आहे त्या निकालाची प्रत.

2009 साली संहितेत दुरुस्ती झाली आणि पीडितांना पहिल्यांदा स्वतःचा अपिलाचा हक्क मिळाला. कलम 372 च्या परंतुकात, म्हणजे कलमाच्या शेवटी 'परंतु' म्हणून जोडलेल्या भागात. वर सांगितले ते तिन्ही प्रसंग तिथलेच. अपुरी शिक्षा हा चौथा त्यात घातलाच नाही. दिल्लीतल्या एका बापाने हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेला. मुलाचा खंडणीसाठी अपहरण करून खून झाला होता, जन्मठेप झाली होती, बापाला फाशी हवी होती. ऑगस्ट 2020 मध्ये न्यायालयाने सांगितलं की पीडिताला शिक्षा वाढवण्यासाठी अपील करता येत नाही, तो अधिकार राज्याचा. फाशीच्या मागणीशी मी सहमत नाही. पण प्रश्न मागणीचा नव्हता, ती ऐकून घेण्याचा होता. न्यायालयाने कायद्यात होतं तेच सांगितलं. कायद्यात ते बदलायची संधी 2023 मध्ये सगळ्या संहिता नव्याने लिहिल्या तेव्हा आली होती. तेव्हा तपासाची प्रगती पीडिताला कळवायची, सरकारला खटला मागे घ्यायचा असेल तर आधी पीडिताचं ऐकायचं, अशा चांगल्या गोष्टी घातल्या. अपिलाचं परंतुक मात्र 372 मधून उचलून 413 मध्ये जसंच्या तसं ठेवलं.

शिक्षेचा फेरविचार झाला तर काय होतं, हे महाराष्ट्राने पाहिलं आहे. नोव्हेंबर 2006 मध्ये वांद्र्याच्या कार्टर रोडवर एक मोटार फुटपाथवर झोपलेल्या मजुरांच्या अंगावरून गेली. सात जण मेले, आठ जखमी झाले. एप्रिल 2007 मध्ये सत्र न्यायालयाने सहा महिने कैद आणि दंड दिला. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली, राज्यानेही अपील केलं, आणि सप्टेंबर 2007 मध्ये सदोष मनुष्यवधाखाली तीन वर्षांची शिक्षा झाली. जानेवारी 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. पण ते मुंबईत झालं, पेपरात पहिल्या पानावर आलं, म्हणून न्यायमूर्तींच्या नजरेला पडलं. आमच्या घाटाच्या वळणावर एकटा मेलेला माणूस तालुक्याच्या पुरवणीत चार ओळींत येतो. त्याची दखल स्वतःहून कोण घेणार?

"क्लेम मिळाला ना, मग आता कशाला?" हे वाक्य काकींना वाडीतल्याच लोकांनी ऐकवलं. त्या लोकांना मला 2015 चा सर्वोच्च न्यायालयाचा एक निकाल वाचून दाखवावासा वाटतो. पंजाबात बेदरकार गाडी चालवून दोघांचा जीव घेतला होता. खालच्या कोर्टाने एक वर्ष दिलं, उच्च न्यायालयाने नुकसानभरपाई दिली म्हणून भोगलेल्या चोवीस दिवसांवर सोडलं. पंजाब सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि शिक्षा सहा महिन्यांची झाली. भरपाई दिली म्हणून गुन्हा धुतला जात नाही, हे तिथे ठरलं. विम्याचे पैसे तर आरोपीच्या खिशातून जातही नाहीत. आणि तिथेही पुन्हा तेच. सरकार गेलं म्हणून झालं.

सरकारला जायचं असतं तेव्हा ते किती जोरात जातं, तेही बघा. कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयातल्या डॉक्टर तरुणीवरच्या बलात्कार आणि खुनाच्या खटल्यात जानेवारी 2025 मध्ये जन्मठेप झाली. लगेच पश्चिम बंगाल सरकार आणि सीबीआय दोघेही शिक्षा वाढवून मागायला उच्च न्यायालयात गेले. तपास सीबीआयचा म्हणून न्यायालयाने सीबीआयचं अपील घेतलं आणि राज्याचं फेटाळलं. तिथे अपील करायला दोन दोन यंत्रणा होत्या. काकींसाठी एकही नव्हती.

शिक्षा वाढवायची म्हटलं की लोक म्हणतात, तुम्हाला सूड हवा आहे. नाही. आमच्याकडे चिऱ्याचे डंपर चालवणारी पोरं माझ्याच गावची आहेत. दिवसाला किती खेपा यावर त्यांची मजुरी, झोप पुरी नाही, गाडीचे ब्रेक मालक बघत नाही. उद्या त्यांच्यातल्या एकाच्या हातून माणूस गेला तर त्याचीही शिक्षा वाढवून मागतील, हे मला माहीत आहे. तरीही मी हा हक्क मागते. कारण हक्क अपिलाचा आहे, वाढीव शिक्षेचा नाही. वरचं न्यायालय आरोपीला नोटीस देतं, त्याचं म्हणणं ऐकतं, आणि शिक्षा वाढवण्याच्या अपिलात आरोपी उलट निर्दोष सुटकाही मागू शकतो. जो थांबला, जखमीला उचलून दवाखान्यात घेऊन गेला, त्याच्याकडे न्यायालयाने वेगळ्या नजरेने बघावं असं मला मनापासून वाटतं. मग तेच निकालात लिहा. घरच्यांना ते वाचू दे. पटलं नाही तर एकदा, फक्त एकदा, वर विचारू दे. न्यायालयांवर ओझं वाढेल हा मुद्दा खरा आहे, पण सुटकेविरुद्ध अपिलाचा हक्क दिला तेव्हाही ते वाढणारच होतं, आणि तरी आपण तो दिला.

इंग्लंडमध्ये शिक्षा फारच सौम्य वाटली तर कुणीही, अगदी त्या कुटुंबाशी संबंध नसलेला माणूससुद्धा, 28 दिवसांत ॲटर्नी जनरलकडे, म्हणजे सरकारच्या मुख्य कायदा अधिकाऱ्याकडे, तक्रार करू शकतो. ठराविक गंभीर गुन्ह्यांपुरतीच ही सोय आहे आणि प्रकरण वरच्या न्यायालयात न्यायचं की नाही हे ॲटर्नी जनरलच ठरवतो. म्हणजे तिथेही घरच्यांना थेट हक्क नाही. पण निदान कुठे लिहायचं, कुणाला लिहायचं, किती दिवसांत, हे ठरलेलं आहे. आपल्याकडे काकींनी 30 दिवसांत कुणाच्या टेबलावर जायचं, हे मला दुकानात बसून इतकी वर्षं झाल्यावरही शोधावं लागलं.

एक वाट उरते ती रिव्हिजनची, पुनरीक्षण अर्जाची. मुदत 90 दिवस. पण रिव्हिजन हा हक्क नव्हे, तो घ्यायचा की नाही हे न्यायालयाच्या मर्जीवर. पूर्वी उच्च न्यायालय म्हटलं की आपल्याला मुंबईच होती. रात्रीची गाडी, तिथे राहायचं कुठे, तारीख पुढे गेली की परत. 18 ऑगस्ट 2025 पासून कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू झालं आणि रत्नागिरी, सिंधुदुर्ग त्याच्याखाली आले. आंबा घाट चढला की पोचलो. आपल्यासाठी ही मोठी गोष्ट आहे, आणि काकींचा अर्ज तिथेच जाणार आहे. मी टाईप केला, त्यांनी अंगठा न लावता सही केली, सावकाश, पूर्ण नाव.

आमच्या खासदार-आमदारांकडे मागणी एकच: कलम 413 च्या परंतुकात अपुऱ्या शिक्षेविरुद्धचं अपील घाला. आणि 393 मधली ती सूट माणूस मेल्याच्या खटल्यातून काढा, नकल घरच्यांना फुकट द्या. पक्ष कुठलाही असो, हे कुणी लावून धरलं तर मी त्याच्या पत्रकांची छपाई फुकट करून देईन.

तोपर्यंत ज्यांच्या घरात असा खटला चालू आहे त्यांनी एवढं लक्षात ठेवा. निकालाच्या दिवशी कोर्टात हजर राहा. त्याच दिवशी नकलेचा अर्ज द्या, नकल मिळायला लागलेले दिवस मुदतीतून वगळले जातात, पण अर्ज तुम्ही दिलेला असला पाहिजे. सरकारी वकिलांना लेखी पत्र द्या की शिक्षा अपुरी वाटते, अपिलाचा प्रस्ताव पाठवा, आणि पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. तोंडी सांगू नका. बाईमाणसाला मोफत वकील मिळतो, त्यासाठी उत्पन्नाची अट नाही, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे किंवा तालुका समितीकडे अर्ज करा. अर्ज कसा लिहायचा कळत नसेल तर कोर्टासमोर माझं दुकान सकाळी दहाला उघडतं.