हिच एक्स्टेन्शन लावलं तरी ‘मर्यादा तीच’? नाही, साधारण निम्मी

अमेरिकेत पिकअपमागे ट्रेलर ओढणाऱ्यांमध्ये एक सल्ला सर्रास फिरतो: ट्रेलर पिकअपवर बसवलेल्या कॅम्परला (राहण्याच्या खोलीला) किंवा मागच्या दाराला घासत असेल तर रिसीव्हरमध्ये, म्हणजे गाडीमागच्या हिच या जोडणीच्या चौकोनी नळीत, १८ इंचांचं एक्स्टेन्शन (जोडनळी) सरकवा, शेवटी ओढायचंच तर आहे, लांबीनं काय बिघडतं? एक्स्टेन्शन दणकट घेतलं की झालं, वजनाची मर्यादा तीच.

‘ओढायचंच तर आहे’

नुसतं ओढायचं असतं तर प्रश्नच नव्हता. पण ट्रेलर हिचवर भार टाकतोही. साध्या ट्रेलरच्या एकूण वजनापैकी १० ते १५ टक्के वजन बॉलवर, म्हणजे ट्रेलर ज्यावर बसतो त्या गोळ्यावर, खाली दाबत असतं. त्याला टंग वेट म्हणतात. भरलेली बादली अंगाजवळ धरा आणि मग हात लांब करून धरा, तोच फरक इथे आहे.

टंग वेट ६०० पौंड आणि बॉल रिसीव्हरच्या पिनपासून (आतला दांडा अडकवणाऱ्या खिळ्यापासून) १० इंचांवर असेल, तर पिनपाशी वाकवणारा जोर ६,००० इंच-पौंड. एक्स्टेन्शननं बॉल २८ इंचांवर गेला की तोच जोर १६,८०० होतो. ट्रेलरमध्ये एक पौंडही न वाढवता २.८ पट! हा सगळा ताण रिसीव्हरच्या नळीवर, तिच्या वेल्डिंगवर आणि फ्रेमच्या बोल्टांवर येतो. पुलाच्या सांध्यावर गाडी उसळली की क्षणभर तो आणखी चढतो.

गाडीचं पुढचं टोकही हलकं होतं. व्हीलबेस (पुढच्या-मागच्या अ‍ॅक्सलमधलं अंतर) १२० इंच आणि मागच्या अ‍ॅक्सलपासून बॉल ५० इंच धरला, तर पुढच्या चाकांवरून २५० पौंड उचलले जातात. १८ इंच वाढले की ३४०. स्टिअरिंग आणि ब्रेक दोन्हींना ते जाणवतं. शिवाय बॉल जितका मागे, तितकी ट्रेलरला गाडीची शेपटी आडवी ढकलायला जास्त तरफ मिळते.

‘दणकट एक्स्टेन्शन घ्या’

दणकट एक्स्टेन्शन म्हणजे दणकट तरफ. रिसीव्हर तोच जुना. एक्स्टेन्शनवर छापलेला आकडा त्या नळीपुरता असतो. हिच, एक्स्टेन्शन, बॉल माउंट (बॉल धरणारा दांडा), बॉल आणि गाडी यांत ज्याचा आकडा सर्वांत कमी, तोच खरा. त्यातही अनेक उत्पादक सूचनापत्रकात सांगतात की एक्स्टेन्शन लावल्यावर हिचची क्षमता निम्मी धरा. ८,००० पौंड ट्रेलर आणि ८०० पौंड टंग वेट अशी क्लास ३ (हिचच्या ताकदीचा एक वर्ग) हिच मग ४,००० आणि ४०० वर येते. खरी अडचण दुसऱ्या आकड्याची. टंग वेट १३ टक्के असेल तर ४०० पौंडांत बसणारा ट्रेलर जेमतेम ३,१०० पौंडांचा. ‘निम्मी’ हा शब्दही इथे उदारच म्हणायचा.

‘मग सामान मागे सरकवा’

टंग वेट कमी करण्याचा हा उपाय सर्वांत वाईट. ते १० टक्क्यांखाली गेलं की ट्रेलर डोलायला लागतो, आणि तोही लांब तरफेवर.

‘वेट डिस्ट्रिब्युशन हिच लावली की सगळं सावरतं’

ही हिच स्प्रिंग बारच्या जोरानं टंग वेटचा भार पुढच्या चाकांकडेही वाटते. पण ते बार रिसीव्हरला स्वतःच पिळतात, म्हणून बहुतेक एक्स्टेन्शनवर ती लावायला मनाई असते. एकात एक अशी दोन एक्स्टेन्शन घालणं तर नकोच. प्रत्येक सांध्यात थोडी फट असते आणि ती बॉलपाशी पोचेपर्यंत वाढते.

सेफ्टी चेन एक्स्टेन्शनच्या कडीत अडकवू नका. पिन निसटली तर एक्स्टेन्शन, ट्रेलर आणि चेन सगळं एकदमच सुटेल. चेन रिसीव्हरपर्यंत पोचायला हवी, कप्लरखाली (ट्रेलरच्या बॉलवर बसणाऱ्या तोंडाखाली) फुली मारून. लांबी कमी पडली तर तेवढ्याच क्षमतेचा तुकडा जोडा आणि ब्रेकअवे केबल (ट्रेलर सुटला तर त्याचे ब्रेक लावणारी) व वायरिंग वळणावर ताणलं जात नाही ना, तेही पाहा.

एक्स्टेन्शन घेण्याआधी लांब दांड्याचं एकसंध बॉल माउंट पुरतं का ते मोजा. एक सांधा वाचतो, मात्र तरफ लांबतेच, त्यामुळे त्याचा छापील आकडाही बघा. कॅम्पर फारच मागे येत असेल तर त्यासाठीच बनवलेली, खालून आधार देणारी हिच-एक्स्टेन्शनची जोडी मिळते. तिच्या तक्त्यात लांबीगणिक आकडा दिलेला असतो. टंग वेट अंदाजानं धरू नका. ट्रक स्टॉपच्या काट्यावर आधी नुसती गाडी चढवा, मग ट्रेलर जोडून पुन्हा. गाडीच्या दोन्ही अ‍ॅक्सलच्या बेरजेत जितकी वाढ, तितकं टंग वेट.